आधी दोर धरायला शिकावे: प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली प्रस्तरारोहण शिकणाऱ्यांसाठी

प्रस्तरारोहणाच्या पहिल्या वर्गाला येणारा जवळजवळ प्रत्येक जण चढायला शिकण्याच्या इराद्याने आलेला असतो आणि पहिल्या दिवसाचा निम्मा वेळ जमिनीवर उभे राहून गाठी मारण्यात व दुसऱ्याचा दोर सांभाळण्यात गेला की तो थोडासा हिरमुसतो. हा लेख त्याच नवशिक्यासाठी आहे. चढण्याची हालचाल शरीर बऱ्याच अंशी स्वतःच शिकते. झाडावर चढणाऱ्या मुलाला कोणी धडे दिलेले नसतात. दोर धरणे, गाठ तपासणे, उतरण्याची तजवीज आधीच करून ठेवणे आणि वेळ पडल्यास ‘आज नको’ म्हणणे या गोष्टी मात्र कोणाच्याही अंगी उपजत नसतात. त्या जाणत्या माणसाच्या नजरेखाली पुन्हा पुन्हा केल्यानेच हातात बसतात. म्हणून माझे सांगणे असे, की आधी दोर धरायला शिकावे आणि मग चढायला. प्रशिक्षक निवडण्यापासून पहिल्या स्वतंत्र चढाईपर्यंत प्रत्येक पायरीवर हाच क्रम उपयोगी पडतो.

कृत्रिम भिंतीवर सराव केलेल्यांनाही हे लागू आहे. भिंतीवर पकडी रंगवलेल्या असतात, खाली गादी असते, वरचा अँकर, म्हणजे दोर ज्याला टांगलेला असतो तो आधार, कोणीतरी रोज तपासतो आणि दोराची लांबी भिंतीच्या उंचीला पुरेल अशीच ठेवलेली असते. कातळावर यांपैकी एकही गोष्ट कोणी आपल्यासाठी करून ठेवलेली नसते. भिंतीवरचा चांगला आरोहक कातळावर चढाईच्या बाबतीत फार मागे पडत नाही, पण सुरक्षेच्या बाबतीत तोही नवशिकाच असतो आणि हे त्याने स्वतः मान्य केले तर त्याचे शिक्षण लवकर होते.

प्रशिक्षक कसा निवडावा

येथे एक फरक आधी समजून घ्यावा. काही जण तुम्हाला कड्यावर चढवून आणतात आणि काही जण तुम्हाला चढायला शिकवतात. दोन्ही कामे सन्मानाची आहेत, पण ती एक नव्हेत. पहिल्या प्रकारात दोर लावणे, अँकर बांधणे, बिले देणे, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळणे, हे सगळे मार्गदर्शक करतो आणि तुम्ही फक्त चढता, त्यामुळे दिवस आनंदात जातो, पण संध्याकाळी तुमच्या हातात कौशल्य उरत नाही. शिकायचे असेल तर नाव नोंदवण्यापूर्वीच विचारावे, की देखरेखीखाली मला स्वतः बिले द्यायला मिळेल का, किती वेळ मिळेल आणि माझ्या मागे राखीव दोर कोण धरेल.

प्रशिक्षकाची पात्रता हा दुसरा प्रश्न. गिर्यारोहण संघटनांची जागतिक शिखर संस्था असलेली यूआयएए १९३२ साली स्थापन झाली आणि व्यावसायिक पर्वत मार्गदर्शकांच्या राष्ट्रीय संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९६५ साली. या महासंघाचे प्रमाणपत्र असलेला मार्गदर्शक खडक, बर्फ आणि स्की या तिन्ही प्रकारांत तयार झालेला असतो. एका दोराच्या उंचीच्या कातळावर मूलभूत शिक्षण देण्यासाठी एवढी मोठी पात्रता आवश्यक नसते. देशोदेशी केवळ खडकावरच्या प्रशिक्षणासाठी वेगळी प्रमाणपत्रे आहेत आणि ती पुरेशी असतात. प्रमाणपत्र कोणत्या कामासाठी दिलेले आहे, ते अजून वैध आहे का आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण अलीकडचे आहे का, हे विचारायला संकोच करू नये. जाणता प्रशिक्षक अशा प्रश्नांनी दुखावला जात नाही. उलट विचारणारा विद्यार्थी त्याला आवडतो.

एका प्रशिक्षकामागे किती विद्यार्थी असावेत, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. बिले देणे शिकवण्याच्या दिवशी चार ते सहापेक्षा जास्त नसावेत, कारण एका वेळी दोनच्या वर दोरांवर चढाई चालू असेल तर प्रत्येक हाताकडे लक्ष देणे एका माणसाला शक्य नसते. याशिवाय अपघात झाल्यास जवळचे रुग्णालय कोणते, तिथवर कसे न्यायचे, कड्यापाशी फोन लागतो का, या प्रश्नांची उत्तरे प्रशिक्षकाला न अडखळता देता आली पाहिजेत. तुमच्याकडूनही तेवढाच प्रामाणिकपणा हवा. कधीकाळी निखळलेला खांदा, दमा, चक्कर येण्याची सवय, उंचीची भीती, चालू असलेली औषधे हे सगळे आधी सांगावे. उंचीची भीती सांगितलेल्या विद्यार्थ्याला चांगला प्रशिक्षक टप्प्याटप्प्याने वर नेतो; न सांगितलेली भीती मात्र नेमकी कड्याच्या मध्यावर बाहेर येते.

साधने: काय घ्यावे, काय घेऊ नये

पहिल्या वर्गापूर्वी काहीही विकत घेऊ नये, हा माझा आग्रह आहे. हेल्मेट, हार्नेस (कमरेला व मांड्यांना बांधायचे पट्टे), दोर आणि कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) वर्गातच मिळतात. बूटही बहुधा मिळतात आणि तेवढेच पायाच्या मापाचे असण्याची काळजी घ्यावी लागते. आरोहणाचे बूट घट्ट असावेत, बोटे किंचित दुमडतील इतके, पण वेदना होण्याइतके नव्हेत, कारण दुखऱ्या पायावर कोणी विश्वासाने उभे राहत नाही. अंगठ्या काढून ठेवाव्यात. फटीत अडकलेली अंगठी बोटाची त्वचा सोलून काढू शकते. लांब केस घट्ट बांधावेत आणि ओढणी किंवा लोंबणारी दोरी अंगावर ठेवू नये, कारण दोरावरून उतरताना त्या वस्तू साधनात ओढल्या जातात.

साधनांवर छापलेले आकडे वाचायला मात्र पहिल्याच दिवशी शिकावे. कॅराबिनरच्या पाठीवर किलोन्यूटनमध्ये ताकद लिहिलेली असते. एक किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने शंभर किलो वजनाइतका जोर. नेहमीच्या वापरातल्या कॅराबिनरला युरोपीय मानकानुसार लांबीच्या दिशेने किमान २० किलोन्यूटन सहन व्हावे लागतात, पण आडव्या दिशेने केवळ ७. म्हणजे तोच कॅराबिनर आडवा फिरला की त्याची ताकद जवळजवळ एक तृतीयांश उरते. हा एक आकडा मनात पक्का बसला, की ‘कॅराबिनर सरळ आहे का बघ’ ही प्रशिक्षकाची दर पाच मिनिटांनी होणारी सूचना कटकट वाटत नाही.

दोराचेही तसेच आहे. आरोहणाचा दोर ताणला जाणारा असतो आणि पडणाऱ्याचा धक्का तो स्वतःत जिरवतो. सिंगल, म्हणजे एकेरी वापराच्या, दोराची चाचणी ८० किलो वजन टाकून करतात. अशी किमान पाच पडणी त्याने झेलावी लागतात आणि पहिल्या पडणीत बसणारा झटका १२ किलोन्यूटनच्या वर जाता कामा नये. न ताणणारा दोर सामान उचलण्यासाठी किंवा अँकर लांबवण्यासाठी उत्तम, पण त्यावर लीड चढाई, म्हणजे दोर खालून सोबत नेत केलेली चढाई, कधीही करू नये. दोन्ही दोर दिसायला सारखे असू शकतात, म्हणून टोकाला गुंडाळलेल्या पट्टीवरची खूण वाचायची सवय लावावी. आणखी एक गोष्ट: बॅटरीतल्या आम्लाने नायलॉन आतून कुजतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. दोर गाडीत ठेवताना हे लक्षात असू द्यावे.

जमिनीवरचा दिवस: गाठ

हार्नेस कमरेच्या हाडाच्या वर बसला पाहिजे. माणूस उलटा झाला तरी तो खाली सरकता कामा नये. काही हार्नेसचा पट्टा बकलमधून परत मागे ओवून घ्यावा लागतो, काहींत ती सोय आधीच केलेली असते. आपला कोणत्या प्रकारचा आहे, हे प्रशिक्षकाला विचारून घ्यावे.

मग गाठ. दोर हार्नेसला बांधण्यासाठी सर्वत्र शिकवली जाते ती ओवून पूर्ण केलेली फिगर ऑफ एट, म्हणजे इंग्रजी आठच्या आकाराची गाठ. दोराच्या टोकापासून साधारण मीटरभर अंतरावर आधी साधा आठ घालावा. मोकळे टोक हार्नेसच्या पुढच्या दोन्ही ठिकाणांतून, म्हणजे पायांच्या पट्ट्यांना जोडणाऱ्या भागातून आणि कमरेच्या पट्ट्यावरच्या भागातून, ओवावे. त्यानंतर तेच टोक पहिल्या आठाच्या सोबतीने, त्याच्या प्रत्येक वळणाला वळण देत, मागे आणावे. गाठ पूर्ण झाली की दोराच्या पाच समांतर जोड्या दिसतात. त्या मोजाव्यात. जोड्या एकमेकींवर चढलेल्या असतील तर सरळ कराव्यात, मग गाठीतून बाहेर पडणारे चारही पदर एकेक करून खेचून ती आवळावी. टोकाची शेपूट किमान पंधरा सेंटिमीटर उरावी आणि हार्नेसपाशी तयार झालेला फास मुठीएवढा असावा. मोठा झाला तर तो चढताना पायात किंवा कॅराबिनरमध्ये अडकतो.

ही गाठ कठीण नाही. ती अर्धवट राहणे मात्र सोपे आहे. अमेरिकेच्या लिन हिल १९८९ साली फ्रान्समधील ब्यू येथे चढत असताना वीस मीटरहून अधिक उंचीवरून पडल्या, कारण त्यांनी दोर हार्नेसमधून ओवला होता, पण गाठ पूर्ण केली नव्हती. त्या झाडावर पडल्या म्हणून वाचल्या. त्या काळी जगातल्या सर्वोत्तम आरोहकांत त्यांची गणना होत होती आणि चारच वर्षांनी, १९९३ साली, त्यांनी अमेरिकेतील एल कॅपिटन या कड्यावरच्या द नोझ या मार्गाची पहिली मुक्त चढाई (दोर फक्त सुरक्षेसाठी ठेवून, हातापायांच्याच बळावर) केली. हे उदाहरण मी प्रत्येक नवशिक्याला सांगतो, कारण त्यातून उघड होते की कौशल्याचा आणि विसरण्याचा काही संबंध नाही. गाठ मारायला सुरुवात केली की ती पूर्ण होईपर्यंत बोलू नये, कोणाला उत्तर देऊ नये आणि बुटाची नाडीही बांधू नये. दुसरा कोणी गाठ मारत असेल तर त्याच्याशीही बोलू नये.

यानंतर जोडीदाराची तपासणी. दोघांनी एकमेकांच्या समोर उभे राहून एकमेकांचे बकल, गाठ, बिले साधनातून दोर योग्य दिशेने गेला आहे का आणि कॅराबिनरचे कुलूप बंद आहे का, हे डोळ्यांनी आणि हातांनी तपासावे. कॅराबिनर दाबून बघावा. नुसता बघून कळत नाही. दोराच्या दुसऱ्या टोकाला गाठ आहे का, हेही याच वेळी बघावे. ही तपासणी दहाव्या चढाईलाही तितक्याच सावकाश झाली पाहिजे.

दोर धरणे

आता या लेखाच्या गाभ्याशी येतो. बिले देणे म्हणजे चढणाऱ्याचा दोर अशा रीतीने सांभाळणे, की तो कोणत्याही क्षणी सुटला तरी जमिनीवर येऊ नये. बिले साधन दोराला वळण देऊन घर्षण निर्माण करते, पण साध्या नळीसारख्या साधनात दोर रोखण्याचे काम शेवटी हातच करतो. ज्या हाताने दोर साधनाच्या खाली धरलेला असतो, तो रोखणारा हात. तो दोरावरून कधीही सुटता कामा नये. ‘कधीही’ हा शब्द येथे अक्षरशः घ्यावा. नाक खाजवायला, माशी हाकलायला किंवा हेल्मेट सारखे करायलासुद्धा तो सोडायचा नाही.

वरून लावलेल्या दोरावर, म्हणजे टॉप रोपवर, दोर घेण्याची एक ठरावीक पद्धत आहे आणि ती चार हालचालींची आहे. चढणारा वर सरकला की डाव्या हाताने त्याच्याकडून येणारा दोर खाली ओढावा आणि त्याच वेळी उजव्या हाताने तो साधनातून बाहेर खेचावा. लगेच उजवा हात मांडीकडे खाली न्यावा, म्हणजे दोर रोखला जातो. मग डावा हात आणून उजव्या हाताच्या खाली दोर पकडावा. दोन्ही हात दोरावर असतानाच उजवा हात दोरावरून घसरवत साधनाच्या जवळ आणावा, तेथे मूठ आवळावी आणि डावा हात पुन्हा वर न्यावा. प्रशिक्षक सुरुवातीला हे दोर न अडकवता, नंतर दोर अडकवून पण कोणी चढत नसताना, नंतर कोणी जमिनीवर चालत असताना करून घेतो. कंटाळा येईपर्यंत करावे. हात डोक्याला न विचारता चालू लागले, की मग खऱ्या चढणाऱ्याचा दोर हातात घ्यावा आणि तेव्हाही प्रशिक्षकाने किंवा दुसऱ्या विद्यार्थ्याने रोखणाऱ्या हाताच्या मागे राखीव म्हणून दोर धरलेला असावा.

पेट्झल कंपनीच्या, १९९१ साली बाजारात आलेल्या, ग्रिग्रीसारखी साधने दोराला झटका बसला की तो स्वतः पकडतात. ती फार उपयुक्त आहेत, पण दोर त्यात उलटा घातला किंवा उतरवताना तरफ पूर्ण ओढून धरली तर तीही रोखत नाहीत. शिकताना मी आधी साधी नळी आणि नंतर असे साधन, हा क्रम पसंत करतो. नळीवर तयार झालेला हात साधन बदलले तरी दोर सोडत नाही.

बिले देणाऱ्याने कड्याच्या पायथ्याशी जवळ उभे राहावे, पण चढणाऱ्याच्या बरोबर खाली नव्हे, कारण सुटलेला दगड तेथेच येतो. चढणारा बराच वजनदार असेल तर बिले देणारा उचलला जातो. अशा वेळी प्रशिक्षक त्याला मागून जमिनीवरच्या अँकरला बांधतो. पहिले दोन-तीन मीटर दोर विशेष घट्ट ठेवावा. टॉप रोपमध्ये दोर वर जाऊन परत येत असल्याने चढणारा खाली असतानाच सर्वांत जास्त दोर वापरात असतो आणि जास्त दोर म्हणजे जास्त ताण. चाचणीत ८० किलो वजनाखाली सिंगल दोराला १० टक्क्यांपर्यंत ताणण्याची मुभा आहे. तीस मीटर उंच मार्गाच्या तळाशी सुटलेला चढणारा घट्ट दोर असूनही जमिनीवर टेकू शकतो, तो याच कारणाने.

इशाऱ्यांचे शब्द चढण्याआधी ठरवून घ्यावेत. मराठीत बोलणाऱ्यांची येथे एक खास अडचण होते आणि ती मी प्रत्यक्ष अनुभवली आहे. ‘दोर घे’ आणि ‘ढील दे’ हे दोन्ही इशारे एकाच स्वरावर संपतात आणि वारा असेल तर खाली फक्त शेवटचा ‘ए’ पोहोचतो. माझ्या एका साथीदाराला वर दोर घट्ट हवा होता आणि मी त्याला मोकळा दोर देत राहिलो. तो सुटला नाही, हे आमचे नशीब. त्या दिवसापासून मी ‘घट्ट’ आणि ‘ढील’ एवढेच शब्द वापरतो आणि त्यांच्या आधी माणसाचे नाव घेतो, कारण शेजारच्या दोरावरचा इशाराही आपलाच वाटू शकतो. ऐकू आले नाही तर काहीही न करता दोर रोखून थांबावे आणि पुन्हा विचारावे.

सर्वांत महत्त्वाचा ठराव उतरण्याचा. वर पोहोचल्यावर तुम्ही बिलेवरच खाली येणार आहात की स्वतः दोरावरून उतरणार आहात, हे जमिनीवर असतानाच दोघांनी मोठ्याने बोलून ठरवावे. वरचा माणूस ‘तो मला खाली घेईल’ म्हणून मागे रेलतो आणि खालच्याने ‘तो स्वतः उतरेल’ म्हणून दोर साधनातून काढलेला असतो, अशा गैरसमजातून जगभर अनुभवी लोकांचे जीव गेले आहेत. दुसरे कारण दोर संपण्याचे. साठ मीटरच्या दोरावर बत्तीस मीटर उंचीवरून माणसाला खाली घ्यायचे असेल तर चौसष्ट मीटर दोर लागतो. चार मीटर कमी पडतात आणि टोकाला गाठ नसेल तर दोर बिले साधनातून सुटून जातो. एक साधी गाठ हे टाळते.

कातळावर

आता चढा. येथे मी थोडक्यात सांगतो, कारण हे वाचून येत नाही. नवशिका हातांनी वर खेचतो आणि दहा मिनिटांत त्याचे पुढचे हात दगडासारखे होतात. वजन पायांवर ठेवावे, हात शक्य तेथे सरळ ठेवावेत आणि वर बघण्याआधी खाली पायांकडे बघावे. बुटाचे टोक कोणत्या कंगोऱ्यावर टेकणार आहे ते डोळ्यांनी ठरवावे, तेथे एकदाच नेमके ठेवावे आणि मग हलवू नये. उतरत्या गुळगुळीत कातळावर टाचा खाली सोडाव्यात, म्हणजे तळव्याचा जास्त भाग टेकतो. भीतीने माणूस कातळाला पोट लावतो, पण त्यामुळे पायांवरचा दाब कमी होऊन ते घसरतात. कंबर कातळापासून थोडी बाहेर ठेवली की पाय चिकटतात. उभ्या कातळावर उलट, कंबर आत घ्यावी. हा फरक पहिल्याच दिवशी दोन वेगवेगळ्या मार्गांवर करून बघावा.

जमिनीपासून पुरेशा उंचीवर, प्रशिक्षकाला सांगून, एकदा मुद्दाम दोरावर बसावे आणि मग हात सोडावेत. दोर आपल्याला धरतो याची खात्री शरीराला झाल्याशिवाय पाय मोकळेपणाने हलत नाहीत. खाली येताना मागे रेलावे, पाय खांद्याएवढे फाकवून कातळाशी काटकोनात ठेवावेत आणि चालत यावे. मार्गांची काठिण्यपातळी वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या पद्धतीने लिहितात. योसेमिटीच्या पद्धतीत ती ५.० पासून सुरू होऊन सध्या ५.१५ पर्यंत जाते, फ्रेंच पद्धत वेगळी, यूआयएएची रोमन अंकांची पद्धत आणखी वेगळी. नवशिक्याला यातले एवढेच पुरे, की आकडा चढाईची अडचण सांगतो, धोका सांगत नाही. सोपा मार्ग सुट्या दगडांनी भरलेला असू शकतो.

अँकर बघायला शिकणे

पहिल्या वर्गात अँकर बांधू नये, पण प्रशिक्षक बांधत असताना शेजारी उभे राहून प्रत्येक गोष्ट विचारावी. अँकरला किमान दोन स्वतंत्र आधार असावेत, वजन दोघांवर विभागलेले असावे आणि एक आधार निखळला तर दुसऱ्यावर झटका न बसता वजन जावे. दोन आधारांपासून येणाऱ्या पट्ट्यांमधला कोन जितका मोठा, तितका प्रत्येक आधारावरचा जोर वाढतो. साठ अंशांच्या कोनात प्रत्येकावर वजनाच्या सुमारे ५८ टक्के जोर येतो, नव्वद अंशांत ७१ टक्के आणि एकशेवीस अंशांत पूर्ण १०० टक्के, म्हणजे दोन आधार घेऊन काहीच वाचत नाही. प्रशिक्षकाला दोन झाडांच्या मध्ये दोर बांधून मध्यभागी पिशवी लटकवून दाखवायला सांगावे. पट्ट्या आडव्या होत गेल्या की त्या हाताला किती ताठ लागतात, हे एकदा बोटांनी अनुभवले की आकडे पाठ करावे लागत नाहीत.

आणखी एक नियम विनाअपवाद पाळावा: वजन असलेला दोर कधीही थेट कापडी स्लिंगमधून सरकू देऊ नये. घर्षणाच्या उष्णतेने स्लिंग वितळते आणि काही क्षणांत तुटते. सरकणाऱ्या दोराखाली नेहमी धातू हवा.

दोरावरून उतरणे

रॅपलिंग नवशिक्यांना सर्वांत सोपे आणि सर्वांत मजेचे वाटते. माझ्या मते शिकण्याच्या सगळ्या गोष्टींत यालाच सर्वांत जास्त गांभीर्य हवे, कारण चढताना चूक झाली तर जोडीदाराचा दोर असतो, उतरताना मात्र सगळा भार एकाच मांडणीवर असतो. सुरुवातीचे प्रत्येक रॅपल प्रशिक्षकाच्या वेगळ्या बिले दोरावर करावे. दोराची दोन्ही टोके जमिनीला टेकली आहेत हे बघावे आणि दिसत नसेल तर दोन्ही टोकांना स्वतंत्र गाठी माराव्यात. उतरण्याच्या साधनाखाली प्रुसिकसारखी आवळणारी गाठ हार्नेसला जोडलेली असावी, म्हणजे हात सुटला तरी माणूस जागीच थांबतो. अँकरला जोडलेली आपली सुरक्षा पट्टी काढण्यापूर्वी साधनावर पूर्ण वजन टाकून बघावे. आधी वजन, मग पट्टी काढणे. हा क्रम उलटा करण्याचा मोह दमलेल्या माणसाला होतो आणि दिवसाच्या शेवटी सगळेच दमलेले असतात.

खडक, पाऊस आणि पोळी

प्रत्येक पकड धरण्याआधी तळहाताने थोपटावी. पोकळ आवाज आला तर ती ओढू नये, फार तर खाली दाबावी. काहीही सुटले तर, अगदी चिंचोक्याएवढा खडा असला तरी, ‘दगड’ असे ओरडावे. खाली उभ्या असलेल्याने ते ऐकून वर बघू नये, कड्याला चिकटावे. हेल्मेट पायथ्याशी पोहोचल्यापासून परत निघेपर्यंत डोक्यावर असावे.

वालुकाश्म ओला असताना बराच कमकुवत होतो आणि वरून कोरडा दिसला तरी आत ओल असते, म्हणून पावसानंतर त्यावर चढू नये; पकडी तुटतात आणि मार्ग कायमचा बिघडतो. ग्रॅनाइट आणि बसाल्ट लवकर वाळतात, पण शेवाळ असेल तर तेही निसरडे होतात. विजा चमकू लागल्या की कड्याचा माथा, एकटे झाड आणि ओला दोर यांपासून दूर व्हावे. कपारीत मधमाशांची पोळी आहेत का, हे चढण्यापूर्वी बघावे आणि असतील तर मार्ग बदलावा. पक्ष्यांच्या विणीच्या काळात काही कडे बंद ठेवतात. ते निमूटपणे पाळावे.

वर्ग संपल्यानंतर

पहिल्या वर्गानंतर लगेच लीड चढाईकडे जाऊ नये. लीडमध्ये दोर खालून येतो आणि चढणारा वाटेत तो कातळात बसवलेल्या बोल्टमध्ये अडकवत जातो, त्यामुळे शेवटच्या बोल्टच्या वर दोन मीटर असताना सुटला तर तो चार मीटर आणि वर ढिलाईइतका पडतो. पडण्याची लांबी भागिले वापरातला दोर, याला फॉल फॅक्टर म्हणतात. दहा मीटर दोर बाहेर असताना चार मीटर पडणे म्हणजे ०.४, तेवढाच माणूस दोनच मीटर दोर असताना अँकरच्या खालपर्यंत चार मीटर पडला तर २ आणि ही कमाल आहे. पहिली पडणी मऊ, दुसरी भयंकर. हे गणित अंगात मुरण्यासाठी आधी अनुभवी आरोहकाच्या मागून दुसऱ्या क्रमांकाने चढावे, नंतर टॉप रोप लावलेला असतानाच खोटी लीड करावी आणि मग प्रशिक्षकासोबत खरी. लीडचे बिलेही वेगळे शिकावे लागते.

बोटांना वेळ द्यावा. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, पण बोटांचे कंडरे आणि त्यांना हाडाशी धरून ठेवणारे पट्टे यांना कित्येक महिने लागतात आणि उत्साही नवशिका नेमका या दरम्यानच जखमी होतो. बोटाच्या मुळाशी दुखू लागले तर तेथेच थांबावे.

प्रशिक्षकाशिवायचा पहिला दिवस येईल, तेव्हा आपल्याला जमणाऱ्या पातळीपेक्षा बराच सोपा, पूर्वी चढलेला आणि तयार बोल्टचा मार्ग निवडावा आणि सोबत अशीच व्यक्ती घ्यावी, जिचे बिले प्रशिक्षकाने पाहिले आहे. तो दिवस संपल्यावर दोर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांच्या चिमटीतून सावकाश सरकवावा. कुठे आतला गाभा मऊ, चपटा किंवा गुठळीसारखा लागतो का, वरचे विणकाम कुठे विस्कटले आहे का, ते बघावे. दोराचा फास करून धरल्यावर तो गोल राहिला पाहिजे. एखाद्या ठिकाणी तीक्ष्ण कोनात मोडला तर तो दोर पुन्हा वापरू नये. सगळे ठीक असेल तर गुंडाळी करावी आणि वहीत तारीख, मार्ग, किती वेळा कोण पडले आणि दोराबद्दल काय आढळले, ते लिहून ठेवावे.